न्हाणीघराचा ढाळ

गवंड्याने फोनवर एवढंच सांगितलं, की त्याच्या मेहुण्याच्या घराचा स्लॅब टाकायचाय आणि पंधरा दिवस तरी त्याला इकडे फिरकता येणार नाही. पुढे काही बोलायच्या आत त्याने फोन ठेवलासुद्धा. ताई ओट्यापाशी फोन हातात धरून उभी राहिली. आज सोमवार. आई पुढच्या सोमवारी घरी यायची होती.

"काय म्हणाला?" भाऊने विचारलं. उत्तर त्याला कळलेलं होतं आणि त्याचं त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

"नाही येत."

"झालं तर मग." भाऊने खुर्ची मागे सरकवली. "आईला सरळ आमच्याकडे नेऊ. लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे, बाथरूमला उंबरा नाही. या घराला कुलूप लावू. पुढचं पुढे."

पुढचं पुढे म्हणजे काय, हे त्या स्वयंपाकघरातल्या तिघा भावंडांना आणि भाऊच्या बायकोलाही चांगलं कळत होतं. आईच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या कँटीनमध्ये यावरून ताईची आणि भाऊची अशी जुंपली होती, की शेजारच्या टेबलावरची माणसं चहा सोडून ऐकत बसली. शेवटी चिमीने तोड काढली. चिमी म्हणजे धाकटी. आता सेहेचाळीस वर्षांची आणि हाडांच्या वॉर्डात मुख्य परिचारिका, पण घरात अजून चिमीच. ती म्हणाली, आई यायच्या आत खालचं न्हाणीघर तिला वॉकर घेऊन एकटीने वापरता येईल असं झालं, तर ती स्वतःच्या घरी राहील. नाही झालं, तर भाऊकडे. दोघांनीही कबूल केलं. ताईने गवंडी ठरवला. आणि आता गवंड्याने हे असं तोंडाला पानं पुसली होती.

"मी करते," ताई म्हणाली.

"काय करतेस?"

"न्हाणीघर."

भाऊ हसला. विम्याच्या कचेरीत बारीक अक्षरातल्या अटी वाचून वाचून त्याच्या हसण्यालाही एक अटीतटीचा आवाज आला होता. "ताई, ब्लाउज आहे का तो?"

"ब्लाउज अवघड असतो. अर्धा इंच चुकला तर बाईला श्वास घेता येत नाही. फरशीला श्वास घ्यायचा नसतो."

चिमी खुदकन हसली आणि लगेच गंभीर झाली. "हसण्यावारी नेऊ नकोस. मी पाहते ना रोज, पडलेलं माणूस दुसऱ्यांदा पडलं की काय होतं ते. अर्धवट काहीतरी केलंस तर मी भाऊच्या बाजूने बोलणार. आधीच सांगून ठेवते."

"बोल. सोमवारी बघ आणि बोल."

"अप्पांनीही असंच म्हटलं होतं," भाऊ म्हणाला. "'मी करतो.'"

चौघांच्याही नजरा आपसूक त्या भिंतीकडे गेल्या. स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या मधल्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, पाटाएवढा ओलीचा डाग होता. दरवर्षी रंग दिला की दोन महिने गप्प बसायचा आणि मग पुन्हा फुगायचा.

अप्पा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि रविवारी घरात स्वतःच्या करायच्या, असं आई म्हणायची. पुढच्या दारातल्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात होतं ते त्यांच्यामुळे, आणि माजघरातली खिडकी चमचा घातल्याशिवाय उघडत नसे तीही त्यांच्यामुळे. पोरं हसायची, अप्पाही हसायचे. मग सोळा वर्षांपूर्वी त्यांनी न्हाणीघराच्या नळाचा गंजलेला पाइप स्वतः बदलला, आणि पंधरवड्यात भिंतीवर तो डाग उमटला. त्या दिवशी आईकडे तिच्या माहेरची माणसं आलेली होती. सगळ्यांच्या देखत आई म्हणाली, "हात लावतील तिथे वाट लावतात. एक दिवस घर पाडतील हे." अप्पांनी हत्यारांची पिशवी बांधून शेजारच्या रंगाऱ्याला देऊन टाकली. त्यानंतर आठ वर्षं जगले, पण बल्ब बदलायचा झाला तरी भाऊला फोन करायचे.

ताईला त्या क्षणी अप्पांची आठवण आली ती मात्र निराळीच. उकिडवे बसलेले, ओठांत खिळा धरलेले, आणि जगात कुठेच काही बिनसलेलं नाही असा चेहरा.

"मला पक्कड कशी धरतात ते त्यांनीच शिकवलं," ती म्हणाली. "उद्यापासून दुकान बंद. ज्यांचे कपडे शिवून व्हायचे आहेत त्यांना सांगते, आठवडाभर जुनेच घाला."

*

फोडायचं काम सर्वांत सोपं, असं ताईला वाटलं होतं. छिन्नीवर तिसराच घाव अंगठ्यावर बसला तेव्हा ते मत बदललं. वीतभर उंचीचा तो उंबरा, ज्याला अडखळून आई पडली होती, एखाद्या हट्टी म्हाताऱ्यासारखा बसून होता. तासाभराने त्याचा जेमतेम कोपरा निघाला.

"वन्सं, सरका."

दारात भावजय उभी होती. भाऊची बायको बेकरीत केकवर फुलं काढायची. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ताईच्या मनात तिची जागा 'नाजूक' या एका शब्दातच होती. तिने भाऊचा जुना शर्ट घातला होता, केस फडक्यात बांधले होते.

"अगं, तुझे हात..."

"वीस-वीस किलोच्या मैद्याच्या गोण्या उचलतात हे हात. फुलं काय, शेवटची पाच मिनिटं असतात."

तिने मोठा हातोडा उचलला. दुपारपर्यंत उंबरा गेला आणि अर्धी जुनी फरशीही निघाली. मग पाणी पिताना, धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून ताईकडे बघत तिने स्वतःहूनच सांगून टाकलं. "तुम्हाला वाटत असेल, सासूबाई आमच्याकडे यायला नकोत म्हणून मी इथे घाम गाळतेय."

"वाटलं थोडं," ताई म्हणाली.

"त्या आल्या तर मी करीन सगळं. पण नवव्या मजल्यावर, खिडकीशी बसून, कुणी अंघोळ घालायची वाट पाहत त्या दिवस काढणार. आणि ते रोज बघायचं कुणी? मीच. तुमचे भाऊ कचेरीत." तिने पेला खाली ठेवला. "त्यांना हे दिसत नाही, कारण त्यांना आईची भीती वाटते. म्हणजे आईला काही होईल याची. मोठ्या आवाजात बोलतात ना, ते त्यामुळे."

बावीस वर्षांत इतकं लांबलचक बोलणं दोघींत पहिल्यांदाच झालं होतं. ताईने घमेलं उचललं.

बुधवारी सकाळी भिंतीलगतची फरशी काढली, तर खालचा चुरा ओला निघाला. हाताने उकरलं तसे दोन पाइप दिसू लागले, एकमेकांना खेटून. एक अप्पांचा. तो ओळखायला कुणाची गरज नव्हती. जोडावर इतकं सूत गुंडाळलेलं होतं, की सांधा नव्हे, बँडेज बांधलेला गुडघा वाटावा. दुसरा नीटनेटका, सरळ. स्वयंपाकघरातल्या सिंकला जाणारा. तो त्याच महिन्यात भाऊने आणलेल्या प्लंबरने टाकला होता. शिकलेला माणूस, पावती देणारा.

ओल दोन्हींच्या मध्ये होती. ताई बराच वेळ बघत बसली. मग तिने आधी मुख्य नळ बंद केला, दोन्ही जोड फडक्याने कोरडे केले, पिशवीतून खुणा करायचा पांढरा खडू काढून त्याची पूड केली आणि दोन्ही जोडांवर जाड थर दिला.

"नळ सोड," ती भावजयीला म्हणाली.

तेवढ्यात भाऊ आला. जेवणाच्या सुट्टीत डोकावायला, हात पाठीमागे बांधून. "काय, पोहायचा तलाव करताय?"

"बस इथे. दहा मिनिटं. बोलू नकोस."

तो कुरकुरत पाटावर बसला. तिघंही खड्ड्यात बघत राहिले. चार मिनिटं झाली आणि नीटनेटक्या जोडाच्या खालच्या अंगाला पूड करडी झाली. मग काळी. मग एक थेंब फुगत फुगत आला आणि टपकला. अप्पांच्या बँडेजवरची पूड मात्र पिठासारखी कोरडी होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. भाऊने वाकून तिच्यावर बोट टेकवलं आणि बोट उलटं करून पाहिलं. पांढरं.

"हा अप्पांचा?" त्याचा आवाज बदलला होता.

"हो."

"आणि हा..."

'तुझ्या माणसाचा' हे शब्द ताईच्या जिभेवर अगदी तयार होते. गेल्या महिन्यात कँटीनमध्ये ती ते बोलून मोकळी झाली असती. आज भाऊच्या तोंडाकडे पाहून तिने ते गिळले.

भाऊने खिशातून फोन काढला आणि खड्ड्याचा फोटो घेतला. एक दुरून, एक अगदी जवळून. मग उठला आणि निघून गेला. दार लागल्याचा आवाज आला.

"गेले," भावजय म्हणाली.

"जाऊ दे. हा जोड कसा बदलतात ते बघू आधी."

हार्डवेअरच्या दुकानातला म्हातारा कमी बोलणारा होता. ताईने स्वतःच्या फोनवर काढून आणलेला फोटो त्याने पाहिला, खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तीन चित्रं काढली, कुठला तुकडा कशात जातो ते दाखवलं, आणि अप्पांच्या जोडाकडे बोट करून म्हणाला, "हा ज्याने केला तो घाबरट असणार. पण काम कायमचं केलंय."

ताई परतली तेव्हा न्हाणीघरात भाऊ बसलेला होता. गुडघ्यावर फाटलेली पँट, बाह्या वर केलेल्या. "अर्ज टाकून आलो," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत सुट्टी. काय करायचं ते सांग. मला काही येत नाही."

"मलाही येत नाही. हा पुठ्ठा धर."

*

जोड पहिल्या खेपेला गळला, दुसऱ्या खेपेला धरला. रात्रीच्या आत पुन्हा खडू टाकून खात्री केली. गुरुवारी तळाला सिमेंट-वाळूचा माल भरायचा होता. ताईने आदल्या दिवशीच कपड्याच्या कटिंगचा खाकी कागद जमिनीवर पसरून न्हाणीघराचा पूर्ण नमुना कापून घेतला होता. कुठली टाइल कुठे, पाणी जायच्या जाळीभोवती कुठली कशी कापायची, सगळं आखलेलं. कागदावर तिला काहीही जमत होतं. सिमेंटमध्ये मात्र प्रश्न होता ढाळाचा. उंबरा गेल्यामुळे आता पाणी अडवायला काहीच नव्हतं. सगळी जमीन दारापासून कोपऱ्यातल्या जाळीकडे अशी उतरायला हवी, की पाणी एक थेंबही मागे वळणार नाही, आणि तरी वॉकरचा पाय तिरका होणार नाही.

शुक्रवारी सकाळी माल घट्ट झाल्यावर तिने बादलीभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं, मग ऐटीत वळलं आणि दारातून बाहेर येऊन भाऊच्या चपलांखाली शिरलं.

"अटीत बसत नाही," भाऊ म्हणाला.

भावजय हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. मग ताईही हसली, पण डोळ्यांत पाणी आलं होतं ते सगळंच हसण्याचं नव्हतं. फक्त तीन दिवस उरले होते. ती ओल्या जमिनीकडे बघत उकिडवी बसली. पाणी दारापाशी तळ्यासारखं साचलं होतं, त्याची कड अगदी स्पष्ट दिसत होती. तिने खडू घेतला आणि त्या कडेवरूनच रेघ ओढली.

"पाण्यानेच माप दिलंय," ती म्हणाली. "कुठे चढ राहिलाय, कुठे खड्डा पडलाय, सगळं आखून दिलंय. सगळं काढायचं नाही. एवढाच तुकडा फोडायचा, इथून इथपर्यंत. कपडा बिघडला म्हणून कुणी कापडाचं ठाण जाळत नाही."

दुपारपर्यंत तो तुकडा फोडून नव्याने भरला. या खेपेला भाऊने दारापासून जाळीपर्यंत दोरी ताणून धरली. त्याला एकही अट न मोडता दोरी धरता येत होती, हे खरं. शनिवारी सकाळी पाणी ओतलं, ते मुकाट्याने जाळीत गेलं. ताईने सहा बादल्या ओतल्या. सहाव्या बादलीला भाऊ म्हणाला, "पुरे, कळलं त्याला."

शनिवारी खरखरीत टाइल्स बसल्या. आधी कोरड्याच मांडून पाहायच्या, जसा कच्चा टाका. मग उचलून एकेक पक्की करायची. चिमी ड्यूटी संपवून आली ती वॉर्डातला एक वॉकर मागून घेऊनच. तिने दार मापलं, कमोडच्या शेजारची जागा मापली. "दार आत उघडतंय," ती म्हणाली. "आत कुणी पडलं तर बाहेरून ढकलता येत नाही. ते बाहेर उघडायला हवं."

"उद्या," ताई आणि भाऊ एकदम म्हणाले.

चिमीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही दोघं एकाच बाजूला कधीपासून?"

"बुधवारपासून," भावजय म्हणाली.

रविवारी दाराच्या बिजागऱ्या काढून उलट्या अंगाला बसवल्या. दार लावताना जमिनीला घासलं, तळाशी रंधा मारला. भेगा भरल्या. भिंतीत धरायचे स्टीलचे दोन दांडे बसवले. ड्रिल भावजयीने चालवलं. एक टाइल कोपऱ्याला तडकली. चिमी आपलं सगळं वजन टाकून दांड्याला लोंबकळली, एकदा, दोनदा, पाय उचलून. दांडा हलला नाही.

"बरं," ती म्हणाली. "मी काही बोलत नाही."

*

सोमवारी दुपारी आई आली. गाडीतून उतरताना तिने भाऊचा हात धरला, पण दारापासून वॉकर घेऊन स्वतः चालत आली. महिन्याभरात चेहरा निम्मा झाला होता. नजर मात्र तीच.

न्हाणीघराच्या दारात ती थांबली. वरून खाली, खालून वर पाहिलं.

"ती टाइल तडकलीय."

"हो," ताई म्हणाली.

"आणि खिडकीखालची ओळ किंचित डावीकडे गेलीय."

"गेलीय."

"गवंडी कोण होता?"

"आम्ही," भाऊ म्हणाला. "आई, बस जरा. तुला एक दाखवायचंय."

हे सांगायचं की नाही, सांगायचं तर कुणी, यावर ताई पाच दिवस मनातल्या मनात घोळ घालत होती. भाऊने कुणालाच विचारलं नाही. आईसमोर स्टूल ओढून बसला, फोन पुढे धरला आणि सरळ सांगितलं. सोळा वर्षांपूर्वीची ओल अप्पांच्या जोडातून नव्हती. ती त्याने आणलेल्या माणसाच्या जोडातून होती. अप्पांचा जोड अजून कोरडा आहे, तसाच ठेवलाय, वरून फरशी घातलीय. "मी त्या वेळी बघायला हवं होतं," तो म्हणाला. "एकदा उकरून बघायला हवं होतं. मला वाटलं, माझा माणूस शिकलेला."

आईने फोन दोन्ही हातांत घेतला. चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"केवढं हे सूत," ती म्हणाली. "यांचंच काम."

चिमीने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो आईने हलकेच काढला. तिने फोन भाऊला परत दिला, वॉकर पुढे ओढला आणि उठली.

"मला अंघोळ करायचीय."

"मी येते आत," चिमी म्हणाली.

"कशाला? तुम्ही हे कशासाठी केलंत?"

दार लागलं. बाहेर उघडणारं दार आतून ओढून घेताना आईला थोडा वेळ लागला, पण ओढलं तिने. कडी लागली नाही. आतून कडी लावायची नाही, हे तेवढं चिमीचं तिने ऐकलं होतं. चौघं बाहेर उभे राहिले. वॉकर टेकल्याचे आवाज, मग दांड्याला अंगठी घासल्याचा, मग प्लास्टिकच्या खुर्चीचा. मग नळ. पाणी बादलीत पडू लागलं, मग अंगावर. आणि त्या पाण्याच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. आई बोलत होती. हळू, थांबून थांबून, जसं माणूस समोर बसलेल्याशी बोलतं. शब्द कळत नव्हते. मधेच आवाज चढला, जुन्या सवयीचा, रागावल्यासारखा, मग फुटला.

चिमीचा हात दाराकडे गेला. ताईने तो धरला.

"चला," ती म्हणाली. "इथे उभं राहायचं नाही. चहा टाकू."

चौघं स्वयंपाकघरात गेले. चहा उकळला, गाळला, निवला. कुणीच घड्याळाकडे बघितलं नाही, सगळ्यांनी बघितलं. पाण्याचा आवाज बंद झाला. बराच वेळ शांतता. भाऊ खुर्चीतून अर्धा उठला, तेवढ्यात दार आतून ढकललं गेलं आणि आई बाहेर आली. केस ओले, गाऊनच्या गुंड्या बरोबर लावलेल्या, डोळे लाल.

"दांडा उंच झालाय," ती ताईला म्हणाली. "हात पुरत नाही."

"असं कसं होईल?" ताई म्हणाली. तीस वर्षं ती आईचे कपडे शिवत होती. खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट, सगळी मापं तिला पाठ होती. दांडा तिने त्या मापांवर लावला होता. ती आईजवळ गेली, आणि तेव्हा तिला दिसलं. आईचं कपाळ नेहमी तिच्या भुवयांपाशी यायचं. आता ते तिच्या ओठांपाशी आलं होतं.

ताईने गळ्यातली टेप काढली. "सरळ उभी राहा."

"यापेक्षा सरळ होता येत नाही आता."

"मग अशीच राहा. हात उचल. तुला जेवढा उचलवतो तेवढाच."

आईने भिंतीला पाठ टेकवून हात उचलला. ताईने खांद्यापासून टेप लावली, आकडा वाचला आणि मोठ्याने सांगितला. भाऊने तो पुठ्ठ्यावर लिहून घेतला. भावजय ड्रिल आणायला गेली.

"दोन बोटं खाली," आई म्हणाली. "आणि या खेपेला टाइल फोडू नका."